मोठं झाकण

बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे काटेकोर काकू म्हणत. वीस वर्षांत आपल्या हातून एका दाण्याचीही चूक झाली नाही, हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

म्हणूनच धाकट्या भावाने वडिलांच्या गव्हाचा डबा तिच्याच पुढ्यात ठेवला. हा वाण वडिलांनी जन्मभर जपलेला, दुसऱ्या कुणाकडे नावालाही नव्हता. हल्ली शंभरातले चाळीसच दाणे उगवत होते.

"ताई, यंदा हुकलं तर संपलंच गं."

"नॅनो खताच्या पाण्यात आठ तास भिजवते, सावलीत सुकवते. कसा उगवत नाही तेच बघू."

"थोडा मागे ठेवू?"

"कशाला? आणखी म्हातारा व्हायला? सगळाच दे."

प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक बियाण्यातली मूठभर आधी बाजूला काढून बाटलीत बंद करायची, नंबर टाकून कपाटात ठेवायची, हा तिचाच दंडक होता. त्यावरून तिने भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं. पण घरच्या गव्हाला कसला आलाय नंबर? तिने अख्खा डबा टबात उपडा केला. लिटरला एक झाकण खत, हे माप तिच्या हातात बसलेलं होतं. बाटली नवी होती, झाकणही जरा मोठं वाटलं. तिने दर लिटरमागे तेच काठोकाठ भरून ओतलं.

गहू सुकल्यावर तिने शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेच्या कपाटात उभे केले. चौथ्या दिवशी गुंडाळीच्या तोंडातून वर आलेल्या हिरव्या शेंड्यांची नुसती दाटी. मोजले, शहाण्णव. खरं तर आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून मुळं बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नसतो. पण शहाण्णव हाती आल्यावर तिला कुठला धीर धरवतोय? तिने लगेच भावाला फोन लावला.

"पेरून टाक. सगळा."

आठव्या दिवशी तिने गुंडाळी उलगडली आणि तिचा हात थांबला. बोटभर पांढरी मुळं हवी होती तिथे तपकिरी खुंट होते, विझलेल्या काडीच्या टोकासारखे. पहिल्या दाण्याला तसंच, दहाव्याला तसंच. तिने शंभरही पाहिले. मग खताची बाटली काढून तिच्यावरचा कागद पहिल्यांदा वाचला. खत जुन्यापेक्षा चौपट कडक होतं आणि झाकण दुप्पट. दाण्यातली शिदोरी पुरेल तोवर शेंडा वाढणार होता, त्यानंतर नाही.

ती थेट शेतावर गेली. भाऊ बांधावर उभा होता, चेहरा फुललेला.

"बाबांच्या हातूनसुद्धा इतका दाट कधी उगवला नव्हता. मानलं तुला."

चार दिवसांतच शेतभर हिरव्या कोंबांची लव उठली होती. तिला ते बघवेना. तिने खाली बसून एक रोप ओढलं. ते मातीने सहज सोडलं. दुसरं, तिसरं, तीही तशीच हातात आली.

"अगं, उपटतेस काय?" भाऊ हसत जवळ आला. "तपासणी तुझी तिकडे."

तिने तळहात पुढे केला. भाऊ शेतकरी होता, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तरी तिने झाकणाचं सगळं सांगितलं, एका दमात, खाली मान घालून.

त्याने वाकून मुळांच्या जागचे खुंट निरखले. मग एकदम त्याचा आवाज हलका झाला.

"पण तू मूठभर ठेवला असशीलच ना बाजूला. तुमच्याकडे प्रत्येकातला ठेवतात. तूच सांगायचीस."

"घरचा होता," ती म्हणाली, "म्हणून नाही ठेवला."

भावाने तिच्या तळहातावरची तिन्ही रोपं उचलली. खाली बसला, बोटाने मातीत तीन भोकं केली आणि एकेक रोप पुन्हा लावू लागला.