नेणाऱ्याचं नाव

“बाबा, तिकिटावर एका कंपनीचं नाव आहे आणि समोर विमान उभं आहे दुसऱ्याच कंपनीचं. बसू की नको?”

दिल्लीच्या विमानतळावरून रचनाचा फोन होता. मागे तिचं तीन महिन्यांचं बाळ रडत होतं. सेवकराम शहारेंनी फोन कानाला घट्ट लावला.

“तिकिटाच्या खाली पाहा बेटा. बारीक अक्षरात लिहिलं असंल.”

“थांबा हं... हो, आहे. हे विमान अमुक कंपनी चालवेल, असं लिहिलंय.”

“मग बस. ते लिहिलं असलं का बसाचं.”

“टोरांटोपासून झोपच नाही ना बाबा, डोळ्यांपुढचंही दिसत नाही,” रचना म्हणाली आणि थकलेली असूनही हसली. “तुम्हाला विचारलं म्हणून बरं झालं. हे तर तुमचंच काम होतं.”

फोन ठेवून सेवकराम खाटेवर बसले. रचना दुपारी नागपूरला उतरणार, तिथून गाडीने संध्याकाळी गोंदियाला. आल्या आल्या ती आईचं कपाट उघडणार. कपाटात लीलाबाईंचा पासपोर्ट होता आणि त्यात कॅनडाचा व्हिसा चिकटवलेला होता, गेल्या नोव्हेंबरच्या तारखेचा. रचनाला त्यांनी सांगितलं होतं, व्हिसा शेवटपर्यंत आलाच नाही. आई फेब्रुवारीत झोपेतच गेली, हृदय बंद पडलं, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या.

सेवकराम मूळचे नवेगाव बांधचे. तरुणपणी कारकून म्हणून दिल्लीला लागले, तीस वर्षं तिथेच काढली आणि दोन हजार नऊ साली निवृत्त होऊन गोंदियाजवळ कुडव्याला घर बांधून राहिले. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत त्यांच्या टेबलावर एकच काम होतं. आपल्या देशाची विमान कंपनी आणि परदेशातली विमान कंपनी आपसात करार करतात, तिकीट एकीने विकायचं आणि विमान दुसरीने न्यायचं. पण करार झाला म्हणून लगेच तिकिटं विकता येत नाहीत. सरकारची मंजुरी लागते. तो अर्ज आधी सेवकरामांकडे येई. दोन देशांमध्ये काय ठरलं आहे, आठवड्याला किती जागा आहेत, मार्गांची यादी जुळते का, हे ते कागदावर पट्टी ठेवून ओळीओळीने तपासत आणि टिपण लिहीत. मंजुरी वरचे साहेब देत. पण मंजुरीच्या पत्रात एक अट असे आणि ती पत्रात आली की नाही हे पाहण्याचं काम सेवकरामांनी आपलंच मानलं होतं. प्रत्यक्ष विमान कोण नेणार, हे प्रवाशाला तिकीट घेतानाच सांगितलं पाहिजे.

एकदा एका परदेशी कंपनीने ती अट गाळून कागद पाठवले. साहेब म्हणाले, “शहारे, छोड़ो ना. पैसेंजर को पहुँचने से मतलब.” सेवकराम कधी उलट बोलणाऱ्यांतले नव्हते. पण त्या दिवशी म्हणाले, “साहब, बैठने वाले को मालूम होना चाहिए, ले कौन जा रहा है.” फाईल परत गेली. दुरुस्त होऊन यायला सतरा दिवस लागले.

ते वाक्य त्यांचं नव्हतं, लीलाबाईंचं होतं. त्याही नवेगावच्याच. त्यांचा मोठा भाऊ एका पिऊन तर्र असलेल्या माणसाच्या डोंग्यात बसून तलावात गेला आणि परत आला नाही. तेव्हा लीलाबाई नऊ वर्षांच्या होत्या. पुढे जन्मभर, डोंग्यात पाय ठेवण्याआधी त्या विचारत, “वल्हं कोणाच्या हातात हाये?” दिल्लीत रिक्षात बसतानासुद्धा आधी वाकून रिक्षावाल्याचं तोंड पाहत. सतरा दिवसांची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या होत्या, “अजी, बरं केलं तुम्ही. इतक्या लोकांले इमानात बसवता, एखाद दिवस मलेही बसवा.”

बसवायचं ठरलंही होतं. रचनाच्या बाळंतपणाला जायचं होतं. नोव्हेंबरात व्हिसा आला आणि त्याच आठवड्यात लीलाबाईंचे डोळे पिवळे दिसायला लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी सेवकरामांना एकट्याला आत बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पसरलेला. तीन महिने, फार तर चार.

बाहेर बाकावर लीलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “काय म्हणते डॉक्टर?”

“कावीळ,” सेवकराम म्हणाले.

त्या एका शब्दावर पुढचे तीन महिने उभे राहिले. रचनाला दिवस गेलेले, पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी पोटातच गेलेलं. तिला कळवायचं नाही. मग आई काऊन येत नाही? व्हिसा आला नाही. लीलाबाईंनाही त्यांनी हेच पढवलं, “तू आजारी हायेस म्हणू नोको. पोट्टी घाबरंल. व्हिसा नाई आला म्हण.” आणि लीलाबाई फोनवर तसंच म्हणत, तो पासपोर्ट उशाखाली ठेवून. “नाई वो माय, सरकारचं काम हाये, टाइम लागते. तुझ्या बापालेच विचार.”

दहा वाजता शेजारचा चुन्नीलाल ताकाचा तांब्या घेऊन आला. त्याचं किराण्याचं दुकान समोरच होतं. सेवकराम दवाखान्याची फाईल पुढे घेऊन बसलेले पाहून तो दारातच थबकला.

“काय बाबूजी, घरवाली गेली तरी फाईल सुटत नाई का गा?”

फाईल खरोखर कचेरीसारखीच होती. उजवीकडे रिपोर्ट तारखेने लावलेले, प्रत्येक पानाला क्रमांक, डावीकडे टिपणाचे कागद. सेवकरामांना दुसरी रीत येतच नव्हती.

“रचना येऊन राह्यली आज,” ते म्हणाले. “सांगू का तिले?”

“पागल झाले का!” चुन्नीलालने तांब्या खाली ठेवला. “अंगावर पाजणारी पोरगी हाये. दूध आटंल तिचं. अन् सांगून काय होते? लीलावहिनी परत येते का? द्या इकडं ते. माझ्या दुकानात ठेवतो, तांदळाच्या पोत्यामागं. ते पोट्टी गेली का घेऊन जा.”

सेवकरामांनी फाईल दिली. पासपोर्टही दिला. चुन्नीलालने दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या आणि उन्हातून रस्ता ओलांडला. त्याची पाठ दुकानात शिरेपर्यंत सेवकराम पाहत राहिले. मग त्यांनी जेवायला घेतलं, दोन घास खाल्ले आणि ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी गाडी अर्धा तास उशिरा आली. रचना उतरली ती एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात ओढायची बॅग घेऊन. चेहरा अगदी आईवर गेलेला. बापाला पाहून तिला रडू आलं, पण तिने बाळ पुढे केलं. “घ्या. तुमची नात. आईनं नाव ठरवलं होतं ना, रुची. तेच ठेवलंय.”

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, बाळाला पाजलं आणि कपाट उघडलं. सेवकराम दाराशी उभे राहिले. तिने आईची एक सुती साडी काढून नाकाला लावली. दुसरी काढली. मग साड्या मांडीवर घेऊन जमिनीवर बसली.

“बाबा, तो पासपोर्ट तरी परत दिला का त्या लोकांनी?”

“कोणत्या लोकांनी?”

“व्हिसावाल्यांनी. तुम्हाला सांगितलं नाही मी, पण दर सोमवारी मी त्यांना मेल करायचे. नंतर नंतर शिव्याच द्यायचे. आई गेली त्या दिवशीही एक लिहिला. तुमच्या कुठल्या तरी कारकुनानं एक कागद दाबून ठेवला, म्हणून माझ्या आईला नातीचं तोंड दिसलं नाही, असं लिहिलं.” तिने डोळे पुसले. “तो कोण आहे मला माहीत नाही. पण त्याला मी मरेपर्यंत माफ करणार नाही.”

सेवकरामांनी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून चुन्नीलालच्या दुकानात गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

“पिशवी दे.”

“बाबूजी, ऐका माझं...”

“दे गा. माझी फाईल हाये ते.”

परत येऊन त्यांनी पिशवी रचनाच्या समोर ठेवली. पासपोर्ट तिने आधी उघडला. व्हिसाचं पान पाहिलं, तारीख पाहिली, पुन्हा पाहिली. मग फाईल उघडली. ती नर्स नव्हती की डॉक्टर नव्हती, पण रिपोर्टातला तो शब्द कळायला शिक्षण लागत नाही. ती पानं उलटत राहिली. आणि मग डावीकडचं टिपण तिने वाचलं. बापाचं अक्षर, ओळी सरळ, प्रत्येक नोंदीखाली सही.

“१२ नोव्हेंबर. रुग्णास कळविले नाही. मुलीस कळविले नाही.”

“२८ जानेवारी. मुलगी सुखरूप बाळंत. नात. रुग्णास सांगितले. रुग्ण आनंदित.”

“९ फेब्रुवारी. रुग्णाकडून विचारणा. उत्तर दिले : कावीळ.”

त्याखाली कागद कोरा होता.

“आईनं विचारलं होतं?” रचनाने विचारलं.

“हो.”

“काय विचारलं?”

सेवकराम भिंतीला टेकून खाली बसले. “दुपारची वेळ होती. मी पाणी पाजून राह्यलो होतो. तिनं माझा हात धरला. म्हणे, अजी, खरं सांगा. मी कोणाच्या डोंग्यात बसली हावो? वल्हं कोणाच्या हातात हाये?”

“आणि तुम्ही...”

“ते लिहिलं हाये तिथं.”

“मग ती काय म्हणाली?”

“बरं म्हणे. अन् भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर पाच दिवस होती. काईच नाई विचारलं.”

आत बाळ कुरकुरलं आणि पुन्हा शांत झालं. रचनाने फाईल मिटली. दोरी होती तशी बांधली.

“मला नाही सांगितलं ते एक वेळ समजते,” ती म्हणाली. “पण तिनं विचारलं होतं बाबा. परक्या लोकांसाठी तुम्ही सतरा दिवस फाईल अडवली होती. आई सगळ्या कॉलनीत सांगत फिरायची.”

सेवकरामांनी मान हलवली. “माझी हिंमत नाई झाली,” एवढंच ते म्हणाले. रचना उठून बाळाजवळ गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी ठरल्याप्रमाणे दोघं भाड्याच्या गाडीने नवेगाव बांधला निघाले. लीलाबाईंची राख सेवकरामांनी रचनासाठी राखून ठेवली होती, मडक्यात, तोंडाला पांढरं फडकं बांधून. आपल्या बौद्धांत असं नसते, झाडाखाली टाका अन् मोकळे व्हा, असं वस्तीतल्या काहींनी म्हटलं होतं. पण लीलाबाई एकदा बोलून गेल्या होत्या, भाऊ जिथं आहे तिथंच मलेही सोडा. गाडीत मडकं सेवकरामांच्या मांडीवर होतं आणि बाळ रचनाच्या. दोन तासांच्या वाटेत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. एकदा फक्त म्हणाली, “ऊन येतंय तुमच्याकडून,” आणि ओढणीचं टोक बाळाच्या तोंडावर ओढलं.

मे महिना होता. तलावाचं पाणी काठापासून बरंच आत गेलं होतं आणि मधला चिखल वाळून तडकला होता. डोंगा मनिराम नेणार होता. मनिराम लीलाबाईंच्या ओळखीतला, त्यांच्याच आळीतला. पण पाण्याजवळ दुसराच माणूस वल्हं घेऊन उभा होता.

“मनिरामदादा तापानं पडला हाये बाबूजी,” तो म्हणाला. “मी उदाराम, त्याचा लहान भाऊ. डोंगा त्याचाच हाये, नेतो मी. काई फरक नाई पडत. बसा.”

सेवकरामांनी पाय उचलला आणि पुन्हा मागे घेतला. ते उदारामच्या अगदी जवळ गेले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याचा श्वास हुंगून पाहिला. उदाराम गोंधळून हसला. मग सेवकराम मडकं घेऊन ओल्या मातीवर उकिडवे बसले. त्रिशरण म्हणून झालं. तरी ते उठले नाहीत. वाकले, फडक्याजवळ तोंड नेलं आणि हळू, पण मागे उभ्या असलेल्या रचनाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले,

“लीला, मनिराम नाई आला. उदाराम नेऊन राह्यला. त्याचा भाऊ हाये. पेलेला नाई, मी पाह्यलं.”

मग ते थोडा वेळ तसेच थांबले, विचारणाऱ्याला आणखी काही विचारायचं असेल तर विचारता यावं म्हणून.

उदाराम वल्हं टेकवून उभा होता. पाणी डोंग्याला थपथप लागत होतं. रचनाने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, चपलेसकट पाण्यात उतरली आणि बाप बसेपर्यंत मोकळ्या हाताने डोंग्याची कड धरून ठेवली.