वीतभर वर

जाळीत उपडी घातलेली वाटी आपोआप घसरली, खालच्या ताटावर आपटली आणि आवाज बारीक करत, गोल गोल फिरत शेवटी एकदाची थांबली. तिने हेडफोन गळ्यात ओढून कानोसा घेतला — आतल्या खोलीत पांघरुणाची सळसळ… एक उसासा… आणि पुन्हा तो जड, लयीतला श्वास. झोपली आहे. अजून झोपली आहे. लेकीची दुपारची ही झोप म्हणजे तिचं ऑफिस. लेकीने कूस बदलली की कामाची वेळ भरली.

लॅपटॉपवर सरांचा चेहरा थिजून होता, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी इतक्या वर्षांत केलेल्या सिनेमांमधले जादूचे प्रसंग एकत्र गुंफून एक छोटी फिल्म करायची होती, सरांच्या सत्कारात दाखवायला. सर फोनवर म्हणाले होते, "तूच कर. माझ्या सिनेमात जादू कुठं लपलीय ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि घरबसल्या होईल तुझं." त्या एवढ्या कौतुकातलं तिच्याकडे काय उरलं, तर 'घरबसल्या'.

पहिले तीन प्रसंग तिने डोळे मिटून निवडले होते. शिंप्याच्या खुंटीवरचा कोट — ज्याची बाही हळूच सरळ होते, छाती कुणाच्या तरी श्वासाने भरते आणि तो जिना उतरून गिऱ्हाइकाच्या शोधात निघून जातो. मग दाराच्या फटीतून पाण्यासारखा वाहत येणारा दिव्याचा उजेड, आणि त्यातून पायजमा गुडघ्यापर्यंत धरून चालणारा म्हातारा. मग हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतल्या छत्र्या, बाहेर लख्ख ऊन असताना एकेक करून ठिबकू लागलेल्या. आणि तो कारकून, जो काही न बोलता खाली बादली सरकवतो. तिन्ही तिने एडिट केलेले. कोट खुंटीवरून सुटतो तो क्षण तिने कापला होता, सुटायच्या किंचित आधी, आणि पुढे थेट जिना. कोट सुटताना कुणीच पाहिलेला नाही, आणि सगळे शपथेवर सांगतात की पाहिला. कळायच्या आत काप — हा तिचा नियम. हाताखालच्या पोरीला तिने पहिल्या दिवशी तोच शिकवला होता. त्या पोरीला, जी फिरत्या खुर्चीत बसली की गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला फिरकी म्हणायचे.

मग ती स्वतः पोटुशी राहिली. सर म्हणाले, तू आधी लेकराचं बघ, सिनेमा काय पळून जातो? तोवर फिरकी सांभाळेल. आणि फिरकीने सांभाळलं… इतकं छान सांभाळलं की 'तोवर' हा शब्द पुन्हा कुणाच्या तोंडी आला नाही.

टेबलावर फोन थरथरला. तिने तो झडप घालून उचलला.

"ताई, झोपलीय का गं आमची ठमाबाई?"

"झोपलीय. हळू बोल."

"मी इथं हळू बोलले नाही तर ती तिथं उठेल होय?" फिरकी हसली, मागे कुणीतरी तिला चहाला हाक मारत होतं. "बरं, माझं काय घेतलंस?"

"बघतेय अजून."

"तो घराचा प्रसंग घे ना. सर म्हणाले, ताईची मर्जी, नाही घेतला तरी चालेल. पण घे ना गं. आईला आणणारेय मी. तिला अजून वाटतं, मी सिनेमावाल्यांकडे कॉम्प्युटर दुरुस्त करते."

"मग करत जा की. माझाही बंद पडतो अधूनमधून."

"ऐक ना, एक सांगू? तो शॉट कापायला मी कितीदा तरी गेले. दरवेळी कानात तुझाच आवाज — कळायच्या आत काप, कळायच्या आत काप. शेवटी म्हटलं, जाऊ दे, ताई कुठं बघायला येतेय."

"बरं झालं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर तिने तो प्रसंग लावला. घरातली दुपार. एक बाई खुर्चीत बसून बाळाला पाजते आहे, पेंगुळलेली, काहीतरी गुणगुणत. आणि तिच्या पाठीमागे घर जागचं उठतं. आधी चमचा, मग चपला, मग टेबल, धुतलेल्या कपड्यांचा ढीग, सगळं वीतभर वर, आवाज न करता, पाण्यात सोडल्यासारखं. बाईला पत्ता नाही. तिचं गुणगुणणं थांबतं, आणि सगळं पुन्हा खाली येतं… पण जिथल्या तिथे नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि शॉट तुटत नाही. फिरकी तो तोडतच नाही. सगळं स्थिरावल्यावरही ती बघत राहते, आपल्याला बघायला लावते, इतकं की खुर्चीत नुसत्या बसलेल्या त्या बाईवरही नजर ठरत नाही.

हिला कसं कळलं?

तीच ती खुर्ची नव्हती, पण दुपार तीच होती… माझी. अंगाला दुधाचा वास, केसाला फणी नाही, मांडीवर ते एवढंसं गाठोडं, आणि एका क्षणी घराचं वजनच गेलेलं. भांडी, बिलं, न घडी केलेले कपडे, सगळं कुठेतरी वर, दूर. आणि नंतर ते खाली आलं तेव्हा काहीच आधीच्या जागी नव्हतं. हे मी जगले. कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सांगायचं काय, की घर उडत होतं? आणि ही — जिने बाळ धड मांडीवर घेतलं नाही, बघायला आली तेव्हा कलिंगड धरावं तसं धरून उभी राहिली — हिने ते बाहेरून, अंधाऱ्या खोलीत बसून, माझ्या खुर्चीत बसून… घेतलं. चोरलंही नाही. चोरलं असतं तर भांडता आलं असतं.

तिचा हात आपसूक चालला. वगळायचं कशाला? वगळलं तर दिसेल, सगळे म्हणतील जळली. घ्यायचं, फक्त थोडं आवरतं घ्यायचं. फिल्म छोटी हवी, सगळ्यांचेच प्रसंग आखडते घेतलेत. तिने शॉटची कड धरली आणि मागे ओढली — चमचा, चपला, टेबल वर, आणि काप. नेमक्या जागी, कळायच्या आत. लावून पाहिलं. व्यवस्थित होतं. चुटकीसारखं, चलाख… कुणीही पाहून म्हणावं, छान आहे हं, आणि पुढच्या क्षणी विसरून जावं. तिच्या छातीत काहीतरी गोड, गरम पसरलं. फिरकीची आई टाळ्या वाजवेल; इतरांबरोबर, बेताच्या.

"आई."

दारात लेक उभी, गालावर उशीची घडी उमटलेली. ती चढून मांडीवर बसली, तिचा झोपेचा ऊबदार वास सगळीकडे पसरला, आणि तिने त्या केसांत नाक खुपसलं. किती लवकर लांब झाले हे पाय…

"बाळ बघू."

तिने कापलेलं लावलं.

"परत."

तिने परत लावलं. तिसऱ्यांदा मात्र बोटांनी, तिला न विचारता, शॉटची कड पुन्हा पुढे सोडली, आणि घर सगळंच्या सगळं वर गेलं, तरंगलं, खाली आलं, आणि खुर्चीतली बाई तशीच बसून राहिली, राहिली… लेकीचं अंगठा चोखणं थांबलं.

"ते बाळ मी आहे?"

"नाही गं राणी."

"ती तू आहेस?"

"वेडाबाई. ती नटी आहे."

"मग हे तू केलंस?"

खोटं जिभेच्या टोकावर आलं होतं. इतकं सोपं, इतकं लहान, आणि ऐकणारी एवढी विश्वास टाकणारी. "नाही," ती म्हणाली. "फिरकीमावशीनं केलं." पहिल्यांदाच हे वाक्य तिने मोठ्याने उच्चारलं होतं, आणि उच्चारल्यावर ते नुसतंच जड होऊन खाली बसलं, आधीच्या जागेपासून जरासं बाजूला.

पडद्यावर ती बाई अजून पाजत होती. शॉट संपायचा होता. लेकीने मान वर करून, हनुवटीखालून तिच्याकडे पाहिलं.

"मग मावशी हे करत होती तेव्हा तू कुठं होतीस?"