रकियाची उजवी पापणी

मी एक जुनी पापणी आहे. रकिया नावाच्या बाईच्या उजव्या डोळ्यावर गेली साठ वर्षे आहे. मित्रांनो, पापणीचे काम छोटेच. वाळू उडाली की मिटायचे, डोळा ओला ठेवायचा. तेवढेही मला नीट जमले नाही, त्याची ही गोष्ट.

आमचे गाव वाळवंटातल्या द्रा नदीकाठी, खजुरांच्या बागांत. खजूर पिकला की माश्या येत आणि मुलांच्या नाकाडोळ्यांवर बसत. पाणी लांबच्या विहिरीचे. ते आधी चहाला, मग शेळ्यांना, उरले तर तोंडाला. सणाच्या सकाळी रकियाची आई सुरम्याची कुपी काढी. लाकडी सळई एकच. ती आईच्या डोळ्यांतून निघून चारही मुलींच्या डोळ्यांत फिरे. वेगळी सळई मागणे म्हणजे घरच्यांना परके मानणे.

त्या सळईवरून, माश्यांच्या पायांवरून, एक जंतू माझ्या आतल्या बाजूला आला. शरीराचे रखवालदार धावले. मी लाल झाले, सुजले. सूज वाईट नसते, मित्रांनो. ती मदतीलाच येते. चोर पळाला की रखवालदारांनी घरी जायचे असते. पण हा चोर पुन्हा आला, मग पुन्हा आला. शेवटी रखवालदार घरी गेलेच नाहीत. वर्षानुवर्षे माझ्या अंगणात मारामारी चालली आणि पडल्या त्या माझ्याच भिंती. पडझड झाली तिथे शरीराने घाईने लिंपण घातले. त्याला व्रण म्हणतात. उन्हात टाकलेले ओले चामडे आकसते, तसा तो आकसत जातो.

दुखत फारसे नव्हते. म्हणून कोणी पाहिले नाही.

रकिया मोठी झाली, गालिचे विणू लागली. तिच्या गाठी पाहायला दुसऱ्या गावच्या बायका येत. तिची चाळिशी उलटली तेव्हा आकसता आकसता माझी कड आत वळली. माझे केस डोळ्याला घासू लागले. ज्याला जपायचे, त्यालाच मी प्रत्येक उघडझापीत ओरखडत होते. आणि मिटल्यावाचून पापणीला राहता येत नाही.

पुढची वीस वर्षे मोठी बहीण ईज्जा चिमट्याने केस उपटून द्यायची. चार दिवसांत ते परत येत.

"हलू नकोस गं. एवढी तर माझ्या नवऱ्याला दाढीही नव्हती."

"तू उपट गुपचूप. या दोनांतला केशरी धागा कुठला, ते सांग आधी."

ईज्जाचा हात थांबला. "तुझ्या हातात एकच धागा आहे, रकिया."

पुढच्या आठवड्यात दवाखान्याची गाडी गावात आली. ज़ुहूर नावाच्या परिचारिकेने मला उलटवून पाहिले. साठ वर्षांत माझी आतली बाजू प्रथमच कोणी पाहिली.

"हा व्रण लहानपणापासूनचा आहे, मावशी. इतकी वर्षं का नाही आलात?"

"दुखत नव्हतं, बाई."

"दोन्ही पापण्यांची कड बाहेर वळवून देऊ. डावा डोळा वाचेल. उजव्याच्या बुबुळावर डाग पक्का झालाय. तो नाही जायचा."

शस्त्रक्रिया झाली. माझी कड सरळ झाली, पण माझा डोळा दुधासारखा पांढरा राहिला.

मग सण आला. ईज्जा कुपी घेऊन बसली. सगळ्यांत पुढे रकियाची नात तूदा, चार वर्षांची. तिचे डोळे लाल आहेत, कडांना चिकटा आहे, हे डाव्या डोळ्याने पाहिले. रकियाने सळई हातात घेतली आणि चहाच्या शेगडीत टाकली.

"अगं, ती आईची होती," ईज्जा म्हणाली.

"हो. आईचे डोळेही असेच गेले."

रकियाने चहासाठी ठेवलेले पाणी ओतून तूदाचे तोंड धुतले आणि नातीला उचलून ती दवाखान्याकडे निघाली. तिथे औषध मिळाले. तूदाच्या पापणीआड व्रण धरला आहे की नाही, ते मला माहीत नाही. मला आता काहीच दिसत नाही.

मित्रांनो, रोज तोंड धुवा. आपला रुमाल, आपली सळई आपल्यापुरती ठेवा. लाली पुन्हा पुन्हा येत असेल, तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. कोणाला तरी दाखवा. आम्हा पापण्यांना सांगता येत नाही.

मी आजही रोज सकाळी उघडते. उघडून उपयोग काही नाही. पण पापणीला दुसरे काय येते?