हनुवटीखालचा हात

बाईंचा जबडा पहिल्यांदा निखळला तो एका जांभईने. दुपारची जेवणं झाली होती. उस्ताद पेपर वाचत होते, आणि समोरच्या खुर्चीत बाईंनी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. उस्तादांना आधी वाटलं, चेष्टा करतेय. मग हनुवटी पुढे आलेली दिसली, लाळ गळ्यापर्यंत ओघळली, आणि बाई घशातून नुसता आवाज काढू लागल्या.

उस्ताद म्हणजे बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. हाताखालच्या माणसांनी दिलेलं नाव पुढे गल्लीनेही उचललं. बाई शाळेत गणित शिकवायच्या, आणि घरी त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. दोन वर्षांपासून मात्र त्या विसरायला लागल्या होत्या. आधी पाढे, मग गॅस बंद करणं, मग माणसं. नवऱ्याला त्या जन्मभर ‘अहो’ म्हणत आल्या होत्या. आताही म्हणायच्या, पण दूधवाल्यालाही ‘अहो’ आणि मीटर बघायला आलेल्यालाही ‘अहो’. त्यामुळे आपल्याला ओळखून हाक मारली की परका समजून, हे उस्तादांना कळायला मार्ग नव्हता. ओळखूनच मारली, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

इमर्जन्सीत एक बारीक चणीची डॉक्टर होती. तिने बाईंना खाली स्टुलावर बसवलं, डोकं भिंतीला टेकवलं आणि स्वतःच्या अंगठ्यांना गॉजच्या पट्ट्या गुंडाळल्या.

“लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली,” उस्ताद घाबरून बडबडत होते, “आज पहिल्यांदा मला बोलायची संधी मिळतेय.”

डॉक्टर हसली. उस्तादांना मात्र जीभ चावावीशी वाटली, कारण बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

डॉक्टरने दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवले, जोर लावून जबडा खाली दाबला आणि मागे ढकलला. खट्ट. तोंड मिटलं. बाई म्हणाल्या, “मेले, माणूस आहेस की लोहार?” सगळा विभाग हसला.

पुढच्या तीन महिन्यांत आणखी तीनदा तसंच झालं. चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाली, “काका, तुमचे हात मशीनवर गेलेत. तुम्हीच शिकून घ्या. आधी खाली, मग मागे. आणि बसला रे बसला की अंगठे बाहेर, नाहीतर चावा बसेल. पण वेळ घालवू नका. काही तासांत बसवला तर बसतो. काही दिवस उलटले की स्नायू आखडतात, आठवडे गेले की सांधा भरून येतो.”

उस्ताद शिकले. वर्षभरात त्यांनी तो अकरा वेळा बसवला. दोनदा अंगठा रक्ताळला. जांभई येण्याआधी बाईंच्या नाकपुड्या किंचित फुलतात, हेही त्यांच्या ध्यानात आलं. नाकपुड्या फुलल्या की हातातलं काम टाकून ते हनुवटीखाली तळवा धरायचे. रस्त्यात, बँकेत, कुणाच्या घरी, कुठेही. लोक बघायचे. बघू देत.

मग ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

लेक दुसऱ्या शहरातून धावत आली. वडिलांचं ऑपरेशन, आईला एकटं ठेवता येईना, तिची रजा आठ दिवसांची. तिने आईला एका वृद्धाश्रमात ठेवलं. जागा स्वच्छ होती, दोन नर्स होत्या. उस्तादांनी पलंगावरूनच एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: जांभई देताना हनुवटीखाली हात धरा. तोंड उघडं राहिलं तर लगेच इमर्जन्सीत न्या.

“बाबा, ती शिकलेली माणसं आहेत,” लेक म्हणाली. तरी तिने कागद नेला आणि ऑफिसात दिला. तिथे तो फाइलला लागला.

रजा संपल्यावर लेक परत गेली, पण रोज आश्रमात फोन करायची. आई ठीक आहे, खाणं जरा कमी झालंय, असं तिथले लोक सांगायचे. सातव्या आठवड्यात उस्ताद वॉकर घेऊन तिथे पोचले. बाई खिडकीजवळ बसवलेल्या होत्या. तोंड उघडं, ओठ चिरलेले, छातीवर टॉवेल.

“कधीपासून असं आहे?” उस्तादांनी विचारलं.

“आजी हल्ली बोलत नाहीत,” मदतनीस मुलगी म्हणाली. “पातळ करून भरवते, पण निम्मं बाहेर येतं. या आजारात होतंच असं, आजोबा.”

“अगं, कधीपासून?”

ती आठवू लागली. “मी कामाला लागले तेव्हापासून. महिना होईल.”

उस्तादांनी वॉकर बाजूला सारला, खिशातला रुमाल फाडून अंगठ्यांना गुंडाळला आणि दाबलं. बाई कळवळल्या. जबडा तसूभरही हलला नाही. गंजून धरलेला नट कसा लागतो, ते त्या हातांना चांगलं माहीत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा दाबलं नाही.

इमर्जन्सीत तीच डॉक्टर होती. तिने एक्स-रे काढला, जबड्याच्या सर्जनला बोलावलं. गुंगीचं औषध देऊन दोघांनी प्रयत्न केला. बाहेर बाकावर उस्ताद आणि विमानाने आलेली लेक बसून होती.

डॉक्टर बाहेर आली ती हातमोजे काढतच. “नाही बसला, काका.”

“मग ऑपरेशन करा.”

“सांधा उघडावा लागेल. त्यासाठी पूर्ण भूल हवी. भरवलेलं श्वासनलिकेत जाऊन जाऊन फुप्फुसात संसर्ग झालाय, वजन तेहतीस किलो आहे. टेबलावरून त्या परत येणार नाहीत. सर्जन तयार नाहीत, आणि मीही सांगणार नाही करा म्हणून.”

“दुखत असेल का तिला?”

डॉक्टरने खोटं बोलावं असं लेकीला वाटत होतं. डॉक्टर म्हणाली, “हो. महिनाभर दुखत असणार. आता औषधाने कमी करू.”

लेक रडू लागली. “बाबा, मी रोज फोन करत होते हो.”

“माहितेय,” उस्ताद म्हणाले. तिला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं. पण हात उचलला गेला नाही. ते म्हणाले, “फोनवर तोंड दिसत नाही.”

बोलून गेले आणि बोललेलं परत घेता आलं नाही. लेकीचं रडणं एकदम थांबलं. तेच जास्त वाईट होतं.

बाईंना घरी आणलं. भरवण्यासाठी नळी घालायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. डॉक्टरने शिकवल्याप्रमाणे उस्ताद दर तासाला ओला बोळा बाईंच्या जिभेवरून फिरवत, ओठांना तूप लावत, दुखण्यावरचे थेंब गालाच्या आत सोडत. बाई कधी त्यांच्याकडे बघत, कधी छताकडे. एकदा घशातून लांब आवाज आला. त्याचे शब्द करायचा उस्तादांनी खूप प्रयत्न केला, झाले नाहीत.

बाराव्या दिवशी सकाळी श्वास थांबला. डॉक्टरने दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला. ते खरंच होतं.

लेक आता रोज संध्याकाळी वडिलांना फोन करते. व्हिडिओ कॉल करते, आणि उस्तादांचा चेहरा नीट दिसेपर्यंत त्यांना फोन हलवायला लावते. खुब्याचं विचारते. ते सांगतात, “काठीवर चालतोय, बरा आहे.” मग कुणीतरी एक म्हणतं, “चल, ठेवू?”