चपलांच्या कपाटामागचं बटण

मित्रांनो, मध्ये बोलू नका, आधी नुसतं ऐका. मी एक जुना राऊटर आहे. टीव्हीच्या वरच्या फळीवर बसून अख्ख्या घराला नेट पुरवतो. म्हणजे पुरवायचो. तेच तर सांगतोय.

बाहेरची तार आधी चपलांच्या कपाटामागच्या पांढऱ्या डबीत शिरते, आणि तिथून माझ्याकडे येते. डबी बंद असली की माझ्याकडे वाटायला काही उरतच नाही. मग मी लाल दिवा लावतो. मला तेवढंच बोलता येतं. पण त्या डबीची घरात कुणाला आठवण असेल तर शपथ.

त्या दिवशी लाईट गेली. आईची सवय अशी, की लाईट गेली रे गेली की घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची. येताना झटका बसून काही जळायला नको म्हणून. लाईट आल्यावर तिने सगळी चालू केली. कपाटामागचं सोडून.

आणि ताईची थोड्याच वेळात मुलाखत, लॅपटॉपवर, पहिल्यावहिल्या नोकरीची. मोबाईलला तर आमच्या घरात रेंजच नसते.

"आई, नेट नाहीये."

"मग बंद करून चालू कर ना त्याला."

केलं. आता मला जागं व्हायला जरा वेळ लागतो हो. मी डोळे चोळतोय तोवर दादा आला, त्यानेही बंद करून चालू केलं. मग आजोबा आले. त्यांनी वर एक चापटही मारली.

"आमचा रेडिओ असाच सुरू व्हायचा."

"आजोबा, हा रेडिओ नाहीये."

"म्हणूनच चालत नाहीये."

मी लाल दिवा लावून जीव तोडून सांगतोय, अरे, कपाटामागे बघा. तर बाबा म्हणतात, "गेला हा. लाल झालाय." आणि दारातले बूट चढवून नवा आणायला निघालेसुद्धा. दादाने माझी वायर उपटली. ताई खिडकीबाहेर मोबाईल धरून उभी, रडवेली. मला बघवेना.

बाबा धापा टाकत परत आले. बूट कपाटात ठेवायला वाकले, तर मागचं बटण बंद दिसलं. "हे कुणी बंद केलं," असं पुटपुटत त्यांनी ते दाबलं आणि विसरूनही गेले. नवा लावला. हिरवा दिवा.

"बघा, म्हटलं नव्हतं? जुनाच गेला होता."

ताईची मुलाखत झाली, नोकरी लागली. त्याचा मला आनंदच आहे, अगदी मनापासून. पण मी खणात पडलो, संपलेल्या सेलांच्या शेजारी. इतकी वर्षं राबलो, तर एकदा तरी कुणी विचारायचं ना, काय होतंय रे तुला?

आज परत लाईट गेली. आईने परत बटणं बंद केली, परत चालू केली. ते सोडून. ताईचं काम घरूनच चालतं, तिची मीटिंग तोंडावर आलेली. नव्याचा दिवा लाल. चापटीचा आवाज मला खणात ऐकू आला.

"हाही बिघडला. तो जुना लावून बघू," दादा म्हणाला.

तर आत्ता मी पुन्हा फळीवर आहे, लाल दिवा लावून. ताई परत खिडकीकडे पळालीये. बाबा दारातले बूट शोधतायत. आजोबांनी हात उचललाय.

सांगा ना मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?