सातवी गाठ

सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरचा सुकऱ्या भगत साप चावलेल्याला दोरा बांधायचा, पण त्याची एक खोड होती. काळ्या दोऱ्याला सहाच गाठी मारायचा. सातवी राखून ठेवायचा आणि डोळे वटारून सांगायचा, "आता दवाखान्यात जा. सुई टोचून घेऊन ये, मग सातवी मारीन. नाय गेलास तर दोरा फुकट!"

मंत्राने विष उतरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची स्वतःची लेक पोशी साप चावल्यावर मंत्र ऐकत ऐकतच त्याच्या मांडीवर गेली होती. पण लोक सुईला भ्यायचे आणि भगताला मानायचे, मग काय करणार? त्या एका गाठीच्या धाकाने वीस वर्षांत किती तरी माणसं जिवंत घरी आली होती.

पाड्यातली पोरं मात्र हसायची. सगळ्यांत जास्त गोकुळ. ठाण्याला बांधकामावर जाऊन आलेला, नुकतं लग्न झालेला. "आजा, तुझ्या दोऱ्याने माझी चड्डीसुद्धा टिकायची नाय," म्हणायचा. सुकऱ्याला राग यायचा नाही. हसणारं पोर निदान सरळ दवाखाना तरी गाठील, असं त्याला वाटायचं.

गणपतीच्या सुट्टीत नात नीता जव्हारच्या वसतिगृहातून घरी आली आणि तिने आजाचा व्हिडिओ काढला. म्हाताऱ्याने बिचाऱ्याने सगळं नीट सांगितलं, दवाखान्याचंही. पण दवाखान्याचं कोण बघतंय, म्हणून पोरीने ते छाटलं आणि आजाला सांगितलंही नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सात गाठी, विष खल्लास', मागे ढोल लावला. झालं! तीन लाख लोकांनी बघितलं. हसणारी पोरं पाया पडायला लागली, फोटो काढायला लागली. गोकुळसुद्धा. सुकऱ्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला? व्हिडिओत काय काय आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

भातकापणीत गोकुळच्या बायकोला, गोदीला, भाऱ्याखालचा नाग चावला. चार माणसांनी तिला झोळीतून भगताच्या अंगणात आणली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओठ काळेनिळे. सुकऱ्याने तिचा हात धरला.

"कधी चावला?"

"सकाळी."

"सकाळी! आणि दवाखाना? खाली रस्त्याला जीप उभी असते रे!"

"दवाखाना कशाला?" गोकुळने मोबाइल पुढे केला. "तुझंच बघून बांधला ना दोरा. मग तिचे डोळे मिटाय लागले, म्हटलं, आता तूच बघ."

गोदीच्या दंडात दोरा रुतला होता. सुकऱ्याने गाठी चाचपल्या. सहा होत्या, आणि त्यांच्या पुढे आणखी एक, घट्ट.

"सातवी कोणी मारली?"

"मीच. सहावीनंतर दिसत नव्हतं, मग माझ्या मनानेच मारली."

मोबाइलमधला सुकऱ्या मंत्र पुटपुटत होता. त्याने सहावी गाठ मारली, मान वर केली, बोलायला तोंड उघडलं, आणि ढोल वाजला. पुन्हा पहिली गाठ सुरू झाली.

"माझं पुढचं बोलणं कुठाय?"

"एवढंच आहे, आजा."

सुकऱ्याच्या हातातला गोदीचा हात गार पडला होता. गोकुळ तिच्या उशाशी उकिडवा बसला, दोऱ्यावरून बोट फिरवत पुन्हा गाठी मोजू लागला.

"सात मारल्या, एक पण चुकलो नाय," तो म्हणाला. "मग ही उठत का नाय, आजा?"