चौथीच्या फरशीवरचे ओरखडे

राज्य सरकारने शाळांच्या अनुदानाला कात्री लावली, तेव्हा आमच्या नगरपालिकेत बरेच दिवस नुसती हळहळ चालली. कात्री मीही रोज चालवते, माझं शिवणकामाचं दुकान आहे. पण मी आधी माप तरी घेते. शेवटी सभेत ठरलं की पालिकेने स्वतःच्या तिजोरीतून शिक्षक नेमायचा. एकच, कारण तिजोरीचा जीवच तेवढा. अर्ज मात्र दोन शाळांच्या पालकांचे होते. ज्या शाळेत खरोखरच एक वर्ग शिक्षकाविना बसतो, तिला तो मिळणार होता. हे पाहायला आम्ही तिघं निघालो: अध्यक्ष, शिक्षण विभागाचे कारकून आणि नुकतीच निवडून आलेली मी.

मला नसत्या चौकशांची खोड आहे. माझे धाकटे दीर म्हणतात, वहिनीला रिकामं घर दाखवलं तर ती भिंतीला विचारेल, काल इथे कोण राहत होतं. त्यात खोटं काही नाही.

पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई फाटकातच उभ्या होत्या. शाळा घासूनपुसून लख्ख. व्हरांड्यात कुंड्या, कुंड्यांना ताजा गेरू, हात लावला तर बोटाला लागणारा. पालकांच्या अर्जात लिहिलं होतं की चौथीचे गुरुजी निवृत्त झाल्यापासून जागा रिकामीच आहे, सरकार भरत नाही. आम्ही चौथीत डोकावलो तर एक तरुण बाई फळ्यावर गणित लिहीत होत्या.

"शिक्षक तर आहेत की," अध्यक्ष म्हणाले. "मग अर्ज कशाला?"

"पालक काय, बोलतात," मुख्याध्यापक बाई हसून म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे."

कारकुनांनी पेन काढलं. एका वाक्यात त्या शाळेचा शिक्षक हातचा जाणार होता, आणि बाई स्वतःच तो घालवत होत्या. ते मला काही पटेना. मी वर्गात शिरून मागच्या बाकाजवळ उभी राहिले.

तरुण बाई मुलांना नावाने हाक मारत नव्हत्या. "तू, लाल रिबीनवाली, सांग." "तू, खिडकीजवळचा." मुलंही गंमतच करत होती. प्रश्न फळ्याजवळून यायचा आणि उत्तर देताना ती बघायची बाजूच्या दाराकडे, जे तिसरीच्या वर्गात उघडतं. दारात तर कोणी नव्हतं. मग माझी नजर खाली गेली. फरशीवर बाकांच्या पायांनी ओढलेले ओरखडे होते, सगळे तिरपे, सगळे त्या दाराच्या दिशेने वळलेले. बाक मात्र फळ्यासमोर सरळ रांगेत. कपड्याला जुनी घडी असली की कितीही इस्त्री करा, खूण राहते.

तेवढ्यात तरुण बाई व्हरांड्यात आल्या आणि मुख्याध्यापक बाईंना हळूच म्हणाल्या, "अहो, तुमची दुपारची गोळी राहिलीये. पर्समध्ये ठेवलीये मी."

हाताखालची शिक्षिका मुख्याध्यापकांच्या पर्समध्ये गोळ्या ठेवते, हे मी तरी कुठे पाहिलं नव्हतं. मी बाईंना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"तुमची सून आहे ना ती?"

त्यांनी आधी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या. "औषधाच्या दुकानात असते. आज सुट्टी काढून आली."

"बाई, ही तपासणी शिक्षक द्यायलाच आहे. तुम्ही झाकून कशाला ठेवता?"

"तुम्ही नव्या आहात," त्या शांतपणे म्हणाल्या. "आजवर जे साहेब आले, त्यांना वर्ग रिकामा दिसला की त्यांनी वर्ग बंद केला. पाचवी अशीच गेली. तेव्हापासून तपासणीच्या दिवशी कोणीतरी उभं करायचं, हे आमचं ठरलेलं. कधी भाची, कधी शेजारीण. ह्या वेळी सून."

"ह्या वेळी उलटं आहे. रिकामा दिसला तरच मिळणार."

"कोण म्हणतं?"

"सभेत ठरलंय. मी म्हणते."

"आणि पुढच्या सभेत दुसरं ठरलं तर? वर्ग गेला की परत येत नाही हो."

त्यांची भीती खरी होती आणि माझ्याकडे द्यायला शब्दाखेरीज काही नव्हतं. मला माझीच लाज वाटली. "तसं झालं तर मी भांडेन," एवढंच म्हणाले. "त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

बाईंनी पर्स बंद केली.

आम्ही परत आलो तेव्हा कारकुनांचं लिहून होत आलं होतं. बाई सरळ चौथीत गेल्या आणि सुनेच्या हातातून खडू घेतला. "जा बाळा, तू तुझ्या दुकानात जा."

सून गोंधळली, अध्यक्ष त्याहून जास्त. "म्हणजे? मग रोज इथे शिकवतं कोण?"

बाई चालत जाऊन तिसरी आणि चौथीच्या मधल्या दारात उभ्या राहिल्या, एक खांदा ह्या वर्गात, एक त्या वर्गात.

कोणी सांगितलं नाही, पण चौथीची मुलं उठली. जोडीजोडीने बाक धरले आणि कर्कश आवाज करत दाराकडे वळवले. पाय बरोबर जुन्या ओरखड्यांवर जाऊन बसले. लाल रिबीनवालीने फळ्याकडे पाठ करून वही उघडली. पलीकडे तिसरीतही बाक सरकल्याचा आवाज आला. बाईंनी एका वर्गाला पाढा दिला, मान वळवली, दुसऱ्याला वाचायला लावलं, आणि ज्या वर्गाकडे पाठ होती तो आपला आपण गप्प बसून होता.

अध्यक्ष दोन्ही वर्गांकडे बघत राहिले. मग त्यांनी कारकुनांच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि लिहिलेलं स्वतः खोडलं.

फाटकाबाहेर गाडीत बसताना ते म्हणाले, "आता दुसरी शाळा. तिथे बघितल्या बघितल्या कळेल."

"तिथेही सगळं लख्ख असेल," मी म्हणाले. "आपण आधी फरशी बघू."

तिथलाही वर्ग रिकामाच निघाला तर? शिक्षक एकच होता.